बिकोल: वादळाच्या हिशेबाने पिकणारे सहा प्रांत

सिंधुदुर्गातल्या एका शेतकरी गटाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: फिलिपिन्सचा बिकोल हा भाग फोटोत अगदी कोकणासारखा दिसतो. माड, भात, अळू, मासळी, लाल मिरची, डोंगर आणि समुद्र. तिथे बारा महिने पाऊस आहे, ज्वालामुखीची माती आहे, जमिनीखाली वीज आणि सोनं आहे. मग हा भाग गरीब का? त्याच्या सहा प्रांतांत नेमका फरक काय? आणि आम्ही अभ्यासदौऱ्यावर गेलो तर काय पाहावं?

भाताच्या चाचण्यांच्या कामामुळे माझा या भागाशी दीर्घकाळ संबंध आला. लॉस बान्योसची आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था (स्थापना १९६०) तिथून एका रात्रीच्या बसप्रवासावर, आणि पूर, वादळ, खारं पाणी या तिन्ही संकटांत भात कसा टिकतो हे बघायला बिकोलसारखी जागा नाही. म्हणून उत्तर जरा लांब होईल.

आधी मुख्य मुद्दा सांगतो. बिकोलमध्ये शेतकरी पीक निवडताना 'किती मिळेल' हे दुसऱ्यांदा विचारतो. पहिला प्रश्न असतो, 'वादळानंतर हे पीक किती दिवसांत पुन्हा हाती येईल?' भात चार महिन्यांत येतो. रताळं तीन-चार महिन्यांत. आबाका, म्हणजे दोराच्या धाग्यासाठी लावतात ते झाड, दीड ते दोन वर्षांत. नवा लावलेला उंच जातीचा माड सहा ते आठ वर्षांनी. हे आकडे तिथल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या डोक्यात पक्के असतात. सहा प्रांतांतली पिकं, जेवण, कर्जाची सवय, इतकंच काय सणांचं वेळापत्रक, या हिशेबातून समजून घेतलं तर उलगडतं.

आता नकाशा. लुझॉन बेटाचं आग्नेयेकडचं शेपूट म्हणजे बिकोल. क्षेत्रफळ सुमारे १८ हजार चौरस किलोमीटर, २०२० च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे ६१ लाख. सहा प्रांत: कामारिनेस नोर्ते, कामारिनेस सुर, आल्बाय आणि सोर्सोगोन हे चार मुख्य भूमीवर, कातांदुआनेस आणि मास्बाते ही दोन बेटं. पूर्वेला थेट प्रशांत महासागर, मध्ये आडोसा काही नाही. आणि या शेपटाच्या कण्यातून ज्वालामुखींची रांग गेली आहे: लाबो, इसारोग, इरिगा, मालिनाव, मासारागा, मायोन आणि टोकाला बुलुसान. मायोन सुमारे २,४६० मीटर उंच, जवळजवळ परिपूर्ण शंकूच्या आकाराचा आणि आजही जागा.

कोकणातल्या माणसाचा पहिला गोंधळ होतो तो पावसाच्या बाबतीत. आपला पाऊस नैर्ऋत्येकडून येतो आणि चार महिन्यांत आटोपतो. बिकोलच्या पूर्व किनाऱ्यावर सगळ्यात जास्त पाऊस पडतो तो नोव्हेंबर ते जानेवारीत, ईशान्य मोसमी वाऱ्यांनी. आपल्याकडे काजूला मोहोर यायला लागतो त्या दिवसांत तिथे आभाळ गळत असतं. लेगास्पी शहरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस होतो. रत्नागिरीत होतो त्याच्या आसपासच, पण तो बारा महिन्यांत वाटलेला; अगदी कोरड्या महिन्यातही शंभर मिलिमीटरहून जास्त. डोंगरांच्या पश्चिमेला उतरलात की पाऊस वर्षभर जवळपास सारखा, आणि मास्बातेत गेलात तर चक्क आपल्यासारखा कोरडा हंगाम. एकाच प्रदेशात तीन प्रकारचं हवामान आहे. प्रांताची सरहद्द कुठे आहे यापेक्षा तुमचं गाव डोंगराच्या कुठल्या अंगाला आहे, यावर तिथे काय पिकेल हे ठरतं.

बारमाही पावसाचा एक परिणाम इथे सांगतो, कारण तो नारळवाल्यांना सगळ्यात आधी कळायला हवा. आपण खोबरं उन्हात वाळवतो. बिकोलमध्ये सलग ऊन मिळण्याची खात्रीच नाही. म्हणून नारळ फोडून तो चुलाण्यावर, बांबूच्या मांडवावर ठेवतात आणि खाली करवंट्या-सोडणं जाळून धुराने सुकवतात. खोबरं टिकतं, पण तपकिरी होतं, धुराचा वास धरतं आणि त्याला भाव कमी मिळतो. त्यातलं तेल शुद्ध करण्याचा गिरणीचा खर्चही वाढतो. वाळवणीचं चांगलं बंद यंत्र, ज्यात धूर खोबऱ्याला लागत नाही, ते उपलब्ध आहे. पण ज्या कुटुंबाचे दीड-दोनशे माड आहेत आणि जे दर ४५ दिवसांनी नारळ उतरवून लगेच रोख पैसे मोजून घेतं, त्याला ते परवडत नाही. बिकोलच्या गरिबीचं पहिलं कारण इथेच दिसतं.

दुसरं कारण जमिनीच्या मालकीत आहे. आपल्याकडे १९४८ च्या कुळकायद्याने आणि नंतरच्या दुरुस्त्यांनी चित्र बरंच पालटलं. फिलिपिन्समध्ये सर्वंकष जमीनसुधारणा कायदा १९८८ मध्ये आला. भाताच्या जमिनींत त्याआधीही थोडं काम झालं होतं, पण माडांच्या बागांत अनेक ठिकाणी कुळाला एक तृतीयांश आणि मालकाला दोन तृतीयांश ही वाटणी फार काळ चालू राहिली. एक तृतीयांशात ज्याचं घर चालतं, तो वादळात पडलेल्या माडाच्या जागी नवा माड का लावेल? त्याला फळ दिसायला सहा-आठ वर्षं, आणि तोवर जमीन आपल्याकडे राहील याची खात्री नाही. यात भर म्हणून १९७० च्या दशकात, राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांच्या राजवटीत, नारळ उत्पादकांकडून विक्रीवर उपकर गोळा केला गेला. त्या पैशातून बँक आणि मोठ्या उद्योगाचे समभाग विकत घेतले गेले आणि हा पैसा खऱ्या मालकांकडे परत आणण्याची कायदेशीर लढाई काही दशकं चालली. शेवटी २०२१ मध्ये कायदा करून ७५ अब्ज पेसोंचा नारळ उत्पादकांचा न्यासनिधी उभा राहिला. ज्यांनी उपकर भरला त्यांच्यातले कित्येक तोवर हयात नव्हते. या गोष्टीची मला आजही चीड येते.

आता प्रांत. सगळ्यांवर सारखं लिहिणार नाही. जिथे शिकण्यासारखं जास्त तिथे जास्त थांबतो.

कातांदुआनेस हे पूर्वेकडचं बेट, १९४५ पर्यंत आल्बायचा उपप्रांत. प्रशांत महासागरातून येणारी वादळं आधी इथे धडकतात. १ नोव्हेंबर २०२० ला 'रॉली' वादळ बातो या गावाजवळ जमिनीवर आलं तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २२५ किलोमीटर होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये 'पेपितो' पुन्हा याच बेटावर. आणि तरीही हा प्रांत देशातला सगळ्यात मोठा आबाका उत्पादक आहे.

आबाका म्हणजे केळीच्याच कुळातलं झाड. दिसायला केळ, पण फळ खाण्याजोगं नाही. किंमत आहे ती खोडातल्या पानदेठांच्या धाग्याला. तो खाऱ्या पाण्यात कुजत नाही, म्हणून शिडाच्या जहाजांच्या काळात जगभरच्या बंदरांत त्याचे दोर गेले. मुंबई बंदरातही 'मनिला दोर' म्हणून ओळखला जाणारा तो हाच. मनिला हे फक्त निर्यातीचं बंदर होतं, धागा पिकायचा बिकोलमध्ये. एकोणिसाव्या शतकात आल्बायचे व्यापारी यावर श्रीमंत झाले. पुढे नायलॉन आलं आणि दोरांचा बाजार घसरला. आज हाच धागा चहाच्या पुड्यांच्या कागदात आणि नोटांच्या कागदात जातो. जगातला बहुतेक आबाका अजूनही फिलिपिन्सच पुरवतो. उरलेला मुख्यतः इक्वेडोर.

शेतात हे काम फार कष्टाचं आहे. डोंगरउतारावर, माडांच्या किंवा रानाच्या सावलीत झाडं असतात. खोड तोडायचं, देठ सोलायचे, त्यांची बाहेरची पट्टी वेगळी करायची आणि ती सुरीखालून सर्रकन ओढायची. सुरीला दाते नसतील तर धागा बारीक, चमकदार आणि महाग; पण ओढायला ताकद जास्त लागते आणि दिवसाला माल कमी निघतो. दाते असलेली सुरी काम सोपं करते आणि प्रत उतरवते. खरी मेख पुढे आहे. गावात येणारा व्यापारी बऱ्याचदा सगळा माल एकाच भावाने घेतो, प्रत न लावता. मग शेतकऱ्याने बिनदात्याची सुरी वापरून खांदा का मोडावा? जिथे सहकारी गटांनी प्रतवारी करून विक्री केली, तिथे धागा आपोआप सुधारताना मी पाहिला आहे. आपल्याकडे काजू बीच्या प्रतवारीत जे होतं त्याच्याशी हे ताडून बघा.

आबाकाला बंची टॉप हा विषाणूजन्य रोग आहे. मावा किडीमार्फत पसरतो, पानं आखूड होऊन शेंड्याला झुपका येतो आणि झाड संपतं. वादळानंतर लोक मिळेल तिथून मुनवे आणून लावतात आणि रोग त्यांच्याबरोबर येतो. वादळाने एकदा नुकसान होतं आणि घाईच्या लावणीने दुसऱ्यांदा, हे मी वारंवार पाहिलं. वादळाआधीच निरोगी रोपांची रोपवाटिका आडोशाला तयार ठेवणं, हाच त्यावरचा चालण्यासारखा उपाय आहे.

आल्बाय म्हणजे मायोन. १ फेब्रुवारी १८१४ च्या उद्रेकात काग्सावा हे गाव गाडलं गेलं, सुमारे १,२०० माणसं गेली. चर्चचा मनोरा आजही दारागाजवळ जमिनीतून वर आलेला दिसतो. १९९३ च्या उद्रेकात ७० हून अधिक लोक मेले, त्यातले बहुतेक उतारावरच्या शेतात काम करत होते. शिखराभोवती सहा किलोमीटरच्या वर्तुळात कायम मनाई आहे. तरी लोक जातात, कारण तिथली राखमाती भुसभुशीत, निचऱ्याची आणि भाजीला उत्तम आहे.

पण खरं मोठं संकट उद्रेकानंतर येतं. उतारावर साठलेली राख आणि दगड मुसळधार पावसात चिखलाचा लोंढा होऊन खाली येतात. ३० नोव्हेंबर २००६ च्या 'रेमिंग' वादळात गिनोबातान, दारागा आणि लेगास्पीच्या पादांग भागातल्या वस्त्या अशाच गाडल्या गेल्या. मृत आणि बेपत्ता मिळून हजाराच्या वर. २०२० मध्ये रॉलीच्या वेळी गिनोबातानला पुन्हा तेच. इर्शाळवाडी आणि तळिये ज्यांनी पाहिली त्यांना हे वेगळं सांगायला नको. आल्बाय प्रांताने १९९० च्या दशकातच आपत्ती व्यवस्थापनाचं कायमस्वरूपी कार्यालय उभारलं, पगारी माणसं नेमली आणि वादळ येण्याआधी गावं हलवण्याची शिस्त लावली. तिथे गेलात तर हे कार्यालय जरूर पाहा. निधीची तरतूद आपत्तीनंतरच्या मदतीसाठी नव्हे, आधीच्या स्थलांतरासाठी करायची, हे त्यांनी प्रत्यक्ष करून दाखवलं आहे.

मातीबद्दल एक तांत्रिक गोष्ट. ज्वालामुखीची माती सुपीक असते हे अर्धसत्य आहे. ताजी राख चांगली. पण इसारोग किंवा बुलुसानच्या उतारांवरच्या जुन्या, मुरलेल्या राखमातीत स्फुरद घट्ट बांधला जातो. परीक्षणात तो दिसतो, पिकाला मात्र मिळत नाही. आपल्या जांभ्या जमिनीतही लोह आणि ॲल्युमिनियममुळे असंच होतं. म्हणून स्फुरद पसरून न देता मुळाजवळ ओळीत द्यायचा आणि सेंद्रिय खत भरपूर वापरायचं, हा सल्ला दोन्हीकडे लागू पडतो.

आल्बायमधल्या तिवी इथे जमिनीच्या उष्णतेवर वीज तयार होते. १९७९ पासून हे केंद्र चालू आहे, देशातल्या पहिल्या व्यापारी भूऔष्णिक केंद्रांपैकी एक. वीज लुझॉनच्या जाळ्यात जाते, म्हणजे मुख्यतः मनिलाच्या दिशेने. आपल्या हक्काच्या मालमत्ता करासाठी प्रांताला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. १९९० मध्ये निकाल प्रांताच्या बाजूने लागला. संपत्ती गावच्या पोटात आणि तिच्यावरचा हक्क राजधानीत, हे चित्र कोयना पाहिलेल्या माणसाला ओळखीचं वाटेल.

कामारिनेस सुर हा सगळ्यात मोठा आणि भाताचा प्रांत. इसारोग आणि पश्चिमेच्या टेकड्यांमधून बिकोल नदी वाहते आणि सान मिगेल उपसागराला मिळते. तिचं खोरं सपाट आणि इतकं सखल आहे की डोंगरावर पडलेलं पाणी इथे दिवसेंदिवस उभं राहतं. १९७० च्या दशकात परदेशी मदतीने खोऱ्याचा मोठा विकास कार्यक्रम झाला, पाट आणि रस्ते आले. पूर थांबला नाही. ऑक्टोबर २०२४ च्या 'क्रिस्तीन' वादळात वाऱ्याने कमी आणि पाण्याने जास्त नुकसान झालं. नागा शहर आणि आसपासची भातशेती पाण्याखाली गेली.

इथला अनुभवी शेतकरी पावसाळी भात ऑक्टोबरच्या मध्याआधी घरात आणायला धडपडतो. भात पोटरीत किंवा फुलोऱ्यात असताना वादळ आलं तर दाणा भरतच नाही. पक्व असताना आलं तर आडवा पडून उगवतो. म्हणून कमी दिवसांच्या जाती इथे प्रिय आहेत, उत्पन्न थोडं कमी असलं तरी. बुडूनही दोन आठवडे तगणाऱ्या जातींचं काम इथे फार मोलाचं ठरलं. त्यामागचा जनुक ओडिशाच्या एका जुन्या देशी भातातून, एफआर १३ ए मधून आला. तो आपल्याकडच्या 'स्वर्णा'त घालून स्वर्णा सब-१ झाली, आणि आयआर ६४ मध्ये घालून तयार झालेली जात फिलिपिन्समध्ये २००९ मध्ये प्रसारित झाली. तिथे तिला शेतकरी 'सुबमारिनो' म्हणतात. ओडिशाच्या कुठल्या तरी अनाम शेतकऱ्याने पिढ्यान्पिढ्या जपलेलं बियाणं बिकोलच्या खाचरात उभं असलेलं पाहिलं की मला अजूनही भरून येतं.

नदीच्या मुखाकडे, लिब्मानान आणि काबुसावच्या बाजूला, भरतीचं खारं पाणी आत शिरतं. रायगडातल्या खारभूमीवर शेती करणाऱ्याला तिथली बांधबंदिस्ती लगेच समजेल. आपल्या पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राच्या भातजातींची माहिती बरोबर न्या. तिथले लोक मन लावून ऐकतात.

याच प्रांतात बुही सरोवर आहे. तिथली सिनारापान ही जगातल्या सगळ्यात लहान माशांपैकी एक, जेमतेम सव्वा सेंटिमीटर. पूर्वी लोक ती जाळ्याने ढिगाने पकडून पानात बांधून शिजवायचे. बारीक जाळ्यांची अति मासेमारी आणि बाहेरून आणलेला तिलापिया यांनी ती मुख्य सरोवरातून जवळपास संपवली. आता आसपासच्या छोट्या तळ्यांत तिला राखलं आहे. आज सरोवरभर तिलापियाचे पिंजरे दिसतात. त्याने घरं चालतात हे खरं, पण एकदा घालवलेली गोष्ट किती महाग पडते हे बघायला बुहीला जा.

सोर्सोगोन पिलीचा प्रांत. पिली हे आपल्या सह्याद्रीतल्या राळधुपाच्या जवळच्या नात्यातलं झाड. गर उकडून खातात, आतली बी बदामासारखी भाजून किंवा गुळा-साखरेत घोळवून विकतात, कवच जळणाला, आणि खोडाचा चीक अत्तरं आणि वार्निशसाठी परदेशी जातो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पिली वाऱ्याला दाद देत नाही. माड मोडतो, आबाका लोळते, पिली पानं गमावते पण उभी राहते. मग सगळे पिलीच का लावत नाहीत? कारण नर आणि मादी झाडं वेगळी, आणि बियांपासून लावलं तर झाड नर निघालं हे कळायला पाच-सहा वर्षं जातात. कलमं हा उपाय आहे, पण ती बांधायला कसब लागतं. कलमांत हात बसलेल्या आपल्या कोकणी माळ्यांनी यात खरंच काही देण्यासारखं आहे. या प्रांतातल्या दोनसोलला व्हेल शार्क येतात; १९९८ मध्ये त्यांच्या शिकारीवर देशभर बंदी आली आणि मासेमार त्याच वर्षापासून पर्यटकांचे वाटाडे झाले. वेळ असेल तर जा, नसेल तर चुकलं तरी चालेल.

कामारिनेस नोर्ते थोडक्यात: दाएतचं छोटं, अतिशय गोड अननस आणि पाराकालेचं सोनं. सोन्याचं काम बरंचसं छोट्या, धोकादायक खड्ड्यांत चालत आलं आहे. माणसं पाण्याने भरलेल्या खड्ड्यात कॉम्प्रेसरच्या नळीने श्वास घेत उतरतात आणि पारा नद्यांत जातो. अननसाच्या बागा बघा, खाणींपासून लांब राहा.

मास्बाते वेगळंच जग आहे. कोरडा हंगाम, गवताळ टेकड्या, मोठे गुराखी मळे, एप्रिलच्या सुमारास गुरं पकडण्याच्या स्पर्धा. बोलीही वेगळी, विसाया बेटांकडे झुकणारी. आरोरोयला मोठी सोन्याची खाण आहे. प्रशासनाने बिकोलमध्ये घातलं असलं तरी शेतीच्या दृष्टीने हा भाग निराळाच धरावा.

जेवणाबद्दल. नारळाचं दूध आणि मिरची ही बिकोलची ओळख. फिलिपिन्सच्या बाकी बहुतेक भागांत इतकं तिखट खात नाहीत. मिरची तिथे स्पॅनिशांच्या मेक्सिकोहून येणाऱ्या गलबतांबरोबर आली, आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर गोव्यात. सगळ्यात जवळचं वाटेल ते 'लाइंग': वाळवलेली अळूची पानं नारळाच्या दुधात मंद शिजवतात, त्यात सुकी मासळी किंवा डुकराचं मांस आणि मिरच्या. आपण खाज मारायला चिंच किंवा आमसूल घालतो. तिथे पानं आधी वाळवतात आणि ती दूध पिईपर्यंत डाव घालत नाहीत. कामालिगचं 'पिनांगात' पाहिलं तर अळूवडीची आठवण येईल, पण ते तळत नाहीत. सान मिगेल उपसागरातल्या जवळ्यासारख्या बारीक कोळंबीचं खारवलेलं वाटण सगळ्यात पडतं. आता हे वादळाच्या हिशेबाने बघा. अळू जमिनीलगत, कंद मातीत सुरक्षित, पानं वाळवून साठवलेली, वाऱ्याने पडलेले नारळ दुधाला वापरायचे, मासळी खारवलेली. वादळानंतर आठ-दहा दिवस बाजार बंद असला तरी घरात शिजवायला काहीतरी असतं. हे खाणं चविष्ट आहे आणि तितकंच विचारपूर्वक जमवलेलं आहे.

सणांत नागाचा पेन्याफ्रान्सिया मोठा. सप्टेंबरात, वादळांचा मुख्य हंगाम सुरू होण्याआधी, मेरीमातेची मूर्ती मंदिरातून शहराच्या कॅथेड्रलला नेतात आणि नवव्या दिवशी नदीतून होड्यांच्या गर्दीत परत आणतात. लोक तिला 'इना' म्हणजे आई म्हणतात. तीनशे वर्षांची ही परंपरा आहे. मनिला आणि आखाती देशांत कामाला गेलेली मुलं या आठवड्यात घरी येतात. दौऱ्याची तारीख ठरवताना हे लक्षात घ्या: त्या दिवसांत नागात राहायला जागा मिळत नाही आणि शेतकरी भेटत नाहीत. शेती बघायला मार्च ते मे बरा.

तुम्ही 'गरीब का' विचारलंत. वर जे आलं ते एकत्र ठेवा. एका पिढीने साठवलेलं भांडवल, म्हणजे माड, आबाका, घर, होडी, ते दर काही वर्षांनी वाऱ्यात जातं. कच्चा माल कमी प्रतीत आणि घाईत विकला जातो, प्रक्रिया बाहेर होते. जमीन अनेकांची स्वतःची नाही. यातल्या पहिल्या गोष्टीवर माणसाचा इलाज मर्यादित आहे. बाकीच्या दोन्हीवर आहे. श्रीवर्धन आणि दिवेआगरच्या सुपारीवाल्यांनी ३ जून २०२० च्या 'निसर्ग' वादळानंतर काय सोसलं ते आठवा आणि तसं वादळ दर दोन-चार वर्षांनी येतं अशी कल्पना करा. आपल्या किनाऱ्यावरची बागायत एकाच पिकावर उभी करणं किती धोक्याचं आहे, हे मला तिथे पटलं. माडाखाली लवकर येणारं काहीतरी, बांधाला वाऱ्याला टिकणारं झाड, आणि आडोशाला रोपवाटिका, हे तीन थर आपल्याकडेही आत्ताच हवेत.

शेवटी दौऱ्याबाबत एक कडक सूचना. तिथून कुठलंही लागवडीचं साहित्य आणू नका: नारळ, मुनवे, कंद, बिया, माती लागलेले बूटही नाहीत. बिकोल हे 'कादांग-कादांग' या माडाच्या रोगाचं माहेर आहे. तो विषाणूपेक्षाही लहान अशा व्हायरॉइडमुळे होतो. १९७० च्या दशकात त्याची ओळख पटली तोवर कोट्यवधी माड गेले होते, आणि आल्बायच्या सान मिगेल बेटावरची मोठी बाग जवळपास संपली होती. नारळ गोलसर आणि चरे पडलेले येतात, पानांवर पिवळे ठिपके दिसतात, मग फळधारणा थांबते आणि माड काही वर्षांत मरतो. औषध नाही. तो कसा पसरतो हे अजून पूर्ण उकललेलं नाही, म्हणून नुसत्या डोळ्यांनी निरोगी दिसणाऱ्या माडाचा नारळसुद्धा सुरक्षित धरता येत नाही. नव्या जाती हव्या असतील तर अधिकृत विलगीकरणातून, संशोधन केंद्रामार्फतच मागवा; भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रात आधी विचारा. गिनोबातानच्या नारळ संशोधन केंद्रात रोगट माड दाखवतात. तो बघून झाल्यावर कोयते निर्जंतुक करा, कपडे धुवा आणि परतीच्या विमानात बसण्याआधी बूट घासून स्वच्छ करा.